माणसांवर कृपा करणे

स्मरणिका छपाईला जायला चार दिवस उरले होते आणि लीनाच्या लेखाला अजून शीर्षक नव्हते. 'परोपकार' मागच्या वर्षी होऊन गेला होता, 'हात मदतीचा' त्याच्या आदल्या वर्षी. कुवेतमधल्या मंगफच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेचा संपादक राजन परचुरे हा लीनाचा नवरा. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदार कंपनीतर्फे तो तपासणी अभियंता होता. वेल्डिंगच्या सांध्यातली केसाएवढी चीर शोधून काढणाऱ्या माणसाला शिळे शीर्षक चालणे शक्य नव्हते. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्टेलिओसला गाठले. स्टेलिओस ग्रीक होता, साठीला आलेला, पाइपांना लागणाऱ्या गंजाचा जाणकार.

"फिलान्थ्रॉपी हा तुमचाच शब्द ना?" राजनने विचारले. "मला त्याचं मूळ हवंय. जुनं, लोकांनी न ऐकलेलं."

"कशासाठी?"

"बायकोनं एका मोलकरणीला आसरा दिलाय. तिच्यावर लेख आहे."

स्टेलिओसने हातातला पाव खाली ठेवला, बोटे पुसली आणि एका जुन्या वर्क परमिटच्या कोऱ्या पाठीवर ग्रीक अक्षरे काढली. "फिलान्थ्रोपेइन. माणसांवर कृपा करणे. नाम घेऊ नकोस, क्रियापद घे. नाम भिंतीवर टांगून ठेवता येतं. क्रियापद म्हटलं की कोणाला तरी उठून काहीतरी करावं लागतं."

"सुंदर. पण हे कोण करायचं?"

"आधी देव करायचे. मग राजे करायला लागले. शहरांवर, देवळांवर, लढाईत हरलेल्या लोकांवर. आणि केलं की दगडावर कोरून चौकात उभं करायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं म्हणून. इथल्या फैलका बेटावरसुद्धा ग्रीक कोरलेला दगड सापडलाय. म्युझियममध्ये जाऊन बघ कधी."

"आणि ज्यांच्यावर कृपा व्हायची, ते?"

"ते दगड वाचायचे," स्टेलिओस म्हणाला. "वाचता येत असेल तर."

राजन हसला. त्याने तो कागद नीट चौघडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने लीनाला शब्द म्हणून दाखवला. लीनाने तो दोनदा उच्चारून पाहिला आणि तिला तो आवडला.

"कुणालाच कळणार नाही," ती म्हणाली.

"म्हणून तर खाली अर्थ द्यायचा. लोक थांबून वाचतील."

स्वयंपाकघरात अमिरुन्निसा पोळ्या लाटत होती. तिच्याबद्दलच हे सगळे चालले आहे हे तिला माहीत होते, पण शीर्षकाशी तिला काही देणेघेणे नव्हते. ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. श्रीवर्धनला तिच्या मुलीला, अदिबाला, नववा महिना लागला होता. पहिले बाळंतपण. तिचा बाप तर ती तीन वर्षांची असतानाच गेला होता. सासरी सासू नव्हती. घरात नवरा तल्हा आणि त्याचे अंथरुणाला खिळलेले वडील. आई आली नाही, तर पोरीच्या उशाशी बसायला बाईमाणूस कोणीच नव्हते.

अमिरुन्निसा या घरात आली तेव्हा सप्टेंबर होता. त्याआधी ती रिग्गईतल्या एका कुवेती घरी दोन वर्षे होती. सकाळी पाचपासून रात्री बारापर्यंत काम, महिन्यातून एकदा घरी फोन. त्या घरच्या मालकिणीने, जिला सगळ्या मोलकरणी 'मामा' म्हणत, एकदा मालकाच्या पांढऱ्या दिशदाशावर, त्याच्या लांब झग्यावर, पिवळा डाग पडला म्हणून तापलेली इस्त्री तिच्या उजव्या हातावर दाबली होती. जखम भरल्यावर दोन महिन्यांनी ती कचरा टाकायला म्हणून बाहेर पडली आणि परत गेली नाही. म्हसळ्याचा झहूर टॅक्सी चालवायचा. त्याने तिला गाडीत घेतले आणि थेट मंगफला आणले, कारण लीना परचुरेंचे नाव त्याने ऐकले होते. कंत्राटी मजुरांच्या कॅम्पवर जेवणाचे डबे नेणारी, कोणाला रक्त हवे असले तर दहा फोन करणारी बाई.

"चार दिवस ठेवा, भाभी," झहूर दारात उभा राहून म्हणाला होता. "पासपोर्ट कफीलकडं, मालकाकडं हाय. रविवारी मी हिला एम्बसीत नेतो. ते पासपोर्टाच्या जागी आउटपास देतात, मग जाईल घरला."

लीनाने अमिरुन्निसाचा हात पाहिला आणि तिला खरोखर रडू आले. त्या रात्री तिने तिला आपल्या हाताने वाढले. घरातली इस्त्री उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर, तिच्या नजरेआड ठेवली.

रविवार आला तेव्हा लीनाने चौकशी केली होती. एम्बसीच्या आसऱ्याच्या खोलीत बायकांची दाटी होती, एकेकीचा महिना-महिना निकाल लागत नव्हता. "तिथे जमिनीवर पडून राहण्यापेक्षा इथे राहा," ती म्हणाली. "जरा अंगात बळ येऊ दे." हे तिने मनापासून म्हटले होते. नंतरच्या रविवारी ज्ञानदाची, त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीची, सहामाही परीक्षा होती. मग राजनचे आईवडील दोन महिन्यांसाठी आले आणि अमिरुन्निसाने केलेली तांदळाची भाकरी सासूबाईंना इतकी आवडली की एम्बसीचा विषय निघाला तरी पुढे सरकेना. वॉशिंग मशीनशेजारच्या खोलीत तिची गादी होती. पगार नव्हता, आसरा दिलेल्या बाईला पगार द्यायचा म्हणजे तिला नोकर करायचे, आणि लीनाला ते अपमानास्पद वाटत होते. "आम्ही तिला घरातलीच मानतो," ती सगळ्यांना सांगायची. जानेवारीत कधीतरी इस्त्री वरच्या फळीवरून खाली आली. राजनचे शर्ट साठले होते. अमिरुन्निसाने ती हातात घेतली.

झहूर दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा लीनाने त्याला दारातच सांगितले, "सारखं येत जाऊ नका हो. बिल्डिंगमधले लोक बघतात. आम्ही करतोय ना सगळं?" त्यानंतर तो आला नाही.

फोटोची वेळ आली ती शुक्रवारी सकाळी. राजनने हॉलमध्ये खिडकीपाशी टेबल ओढले, त्यावर पांढरी चादर अंथरली आणि कॅमेरा तिपाईवर लावला.

"ताई, मना नको हाय फोटू," अमिरुन्निसा म्हणाली.

"अगं, तुझ्या डोळ्यांवर काळी पट्टी टाकणार आहोत. नावही बदललंय, अमीना केलंय. आणि वाचणार कोण? सगळी आपलीच माणसं."

"तरी पन. माझ्या मनाला बरा नाय वाटत."

"अमिराबी, तुझ्यासारख्या कितीतरी बायका आहेत इथे. तुझा हात बघून दहा घरं मदतीला उभी राहिली, तर ते पुण्य तुलाच नाही का?"

अमिरुन्निसाने चादरीकडे पाहिले. ज्या घरात सात महिने जेवलो, त्या घराला आणखी किती वेळा 'नको' म्हणायचे, हे तिला ठरवता येईना.

सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेली ज्ञानदा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "शी सेड नो, आई. ट्वाइस."

"तू तुझा अभ्यास कर."

अमिरुन्निसाने हात पुढे केला. मनगटापासून कोपराकडे चढत गेलेला तो व्रण टोकाला निमुळता होता. इस्त्रीचा आकार कोणालाही कळावा इतका स्पष्ट. राजनने भिंगातून पाहिले, थांबला आणि आतून स्टीलची पट्टी घेऊन आला. वेल्डिंगमधल्या चिरेचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळतो. पंधरा वर्षांच्या नोकरीत ही सवय त्याच्या हाताला लागली होती. त्याने पट्टी व्रणाला समांतर ठेवली.

"अकरा सेंटिमीटर," तो हळहळत म्हणाला. "काय माणसं आहेत!"

लेखही त्याने तितक्याच काळजीने तपासला. 'एका घरात' या मोघम शब्दांच्या जागी त्याने 'रिग्गईतील एका घरात' असे केले आणि जखमेची तारीख घातली, कारण तपशिलाशिवाय लेखाला वजन येत नाही. डोळ्यांवरची काळी पट्टी त्याने स्वतः आखली.

पाडव्यानंतरच्या शुक्रवारी कार्यक्रम झाला. आदल्या दिवशी अमिरुन्निसाने सव्वाशे पुरणपोळ्या केल्या. पुरण वाटताना ती लीनाला म्हणाली, "ताई, ह्यो कार्यक्रम झाला की मना सोडाल ना? आता आठवडाभरच हाय. अदिबाचे पाय सुजलेत म्हनं."

"शंभर टक्के. पुढच्या आठवड्यात मी स्वतः नेते तुला. शब्द देते."

अमिरुन्निसाने ओल्या हातानेच लीनाचा हात धरला आणि आपल्या कपाळाला लावला.

सभागृहात मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेबांनी लीनाला शाल आणि श्रीफळ दिले. तिने व्यासपीठावरून लेख वाचला. शीर्षकाचा ग्रीक शब्द उच्चारल्यावर कुजबूज झाली आणि मग तिने अर्थ सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. व्रणाच्या परिच्छेदापाशी तिचा आवाज खरोखरच भरून आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. जेवताना दोघीतिघींनी तिला विचारले, "अगं, ती अमीना पोळ्या पण करते का ऑर्डरने?"

कार्यक्रमाला आलेल्यांनी स्मरणिका घरी नेल्या. उरलेल्या प्रती रिवाजाप्रमाणे जाहिरातदारांकडे गेल्या. जाहिरातींच्या जोरावर स्मरणिका निघायची. ज्याने पान घेतले त्याला दोन प्रती पोचवायच्या, हा मंडळाचा जुना नियम होता. राजन त्या बाबतीत काटेकोर होता. शनिवारी संध्याकाळी स्वतः गाडी काढून त्याने प्रती वाटल्या. अर्धे पान घेतलेल्या विजेच्या सामानाच्या एका दुकानात मॅनेजर जागेवर नव्हता, म्हणून त्याने त्या काउंटरवर ठेवल्या.

सोमवारी रात्री आठ वाजता तो मॅनेजर परचुऱ्यांच्या दारात उभा राहिला. गुरुप्रसाद बेळगावचा होता. मंडळाला तो दरवर्षी जाहिरात द्यायचा, कार्यक्रमाला मात्र क्वचित यायचा. त्याच्या हातात स्मरणिका होती आणि त्याने बूट काढायलाही वेळ लावला.

"या, या," राजन म्हणाला. "जाहिरात बरी आली ना? निळा रंग जरा गडद झालाय, मी बोललो प्रेसवाल्याला."

"जाहिरात चांगली आलीय, साहेब." गुरुप्रसाद सोफ्याच्या कडेला बसला. "एवढी चांगली आली की मालकाला दाखवायला घेऊन गेलो. तो पानं उलटत बसला. मराठी कुठं येतंय त्याला. फोटो बघत होता."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"ही बाई आमच्या मालकाच्या घरची आहे," गुरुप्रसाद म्हणाला. "हात भाजला तेव्हा दवाखान्यात मीच नेलं होतं तिला. डॉक्टरला सांगितलं, इस्त्री करताना हात घसरला. मालकानं सांगितलं तसं सांगितलं." तो खाली बघत बोलत होता. "त्यानं हात बघितला, तारीख बघितली. इंग्रजी आकडेच ते. मला म्हणाला, वाच. मी वाचलं."

"वाचलंत?" लीना म्हणाली. "सगळं?"

"वहिनी, माझाही इकामा त्याच्याकडंच आहे. इथं राहतो तो त्याच्याच सहीवर." त्याने पान उघडून समोर धरले. लेखाच्या वर, शीर्षकाशेजारी, राजन आणि लीनाचा हसरा फोटो होता. खाली पूर्ण नाव, इमारतीचे नाव. "तिच्या डोळ्यावर पट्टी टाकलीत. तुमच्या नाही टाकली. पळालेली बाई घरात ठेवली, हे तुम्हीच छापून दिलंय. मालक म्हणतो, गुरुवारपर्यंत बाई घरी आली तर विषय संपला. नाही आली तर हे पान घेऊन तो मुखफरला जाणार."

मुखफर म्हणजे पोलीस ठाणे. राजनने चष्मा काढला आणि परत घातला. कंपनीचा कंत्राटाचा करार जूनमध्ये नव्याने व्हायचा होता. पोलिसात नाव गेलेल्या माणसाला रिफायनरीच्या फाटकातून आत सोडत नाहीत, हे सांगायला त्याला कोणाची गरज नव्हती.

"तिला काय करतील?" लीनाने विचारले.

"काही नाही करणार. बायकोला त्यानं समज दिलीय." गुरुप्रसादने स्मरणिका मिटली. "एक-दोन वर्षं काम पुरं करून घेतील, मग पाठवतील. तिकीटसुद्धा देईल तो. तसा मनाचा वाईट नाही."

तो गेला, दाराची कडी लागली. मग राजन म्हणाला, "उद्याच एम्बसीत नेऊ या तिला. तिथे कोणी हात लावणार नाही."

"तिला नाही लावणार. आणि आपल्याला?"

"आपण सांगू... आपल्याला माहीत नव्हतं."

"लेख कोणी लिहिला, राजन? तारीख कोणी घातली?"

लीनाने सोफ्यावरची उशी उचलून मांडीवर घेतली. ज्ञानदाची शाळा, पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते, सासऱ्यांचे ऑपरेशन. तिने एकेक गोष्ट सावकाश उच्चारली, जणू दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल बोलावे तशी. शेवटी म्हणाली, "त्याने शब्द दिलाय ना, तिला काही करणार नाही म्हणून? आणि बायकोला समज दिलीय. एवढं सगळं छापून आल्यावर ते हात लावायला घाबरतीलच. एका अर्थी लेखामुळे तिला संरक्षणच मिळालं."

राजनने तिच्याकडे पाहिले. या वाक्यात कुठे चीर आहे हे त्याला दिसत होते. त्याने ते दाखवले नाही.

"तिला काय सांगायचं?" त्याने विचारले.

"एम्बसी," लीना म्हणाली. "उगाच आधीपासून घाबरवून काय करायचं? ते क्रूरपणाचं होईल."

अमिरुन्निसाने स्वयंपाकघरातून नेमके किती ऐकले होते ते त्यांना कळले नाही. मंगळवारी सकाळी तिने विचारले, "ताई, काल कोन आलेला? दुकानवाला मानूस?"

"जाहिरातीचं काम होतं. अमिराबी, ऐक. गुरुवारी दुपारी जायचं आपण. एम्बसीत. सगळं ठरलंय."

अमिरुन्निसा हातातले भांडे तसेच धरून उभी राहिली. मग ते खाली ठेवून तिने चेहरा ओढणीत झाकला आणि खांदे हलू लागले. लीनाने तिला जवळ घेतले. तिचे अंग लसणीचे आणि साबणाचे वास घेऊन लीनाच्या अंगाला टेकले होते, आणि लीनाला वाटले, आत्ता सांगून टाकावे. ती म्हणाली, "चल, डोळे पूस. बॅग भरायचीय ना?"

त्या रात्री अमिरुन्निसाने कॉलिंग कार्ड लावून श्रीवर्धनला फोन केला. शेजारच्या खोलीत लीनाला तिचा आवाज ऐकू येत होता. "येतंय गो, येतंय. गुरुवारी एम्बसीत जातंय, दोन दिसांत इमानात बसवतील. तल्हाला सांग. डिंक आनून ठेव. आनि त्या जिन्यावरून चढउतर करू नको सांगतंय."

लीनाने बॅग भरून दिली. तान्ह्या बाळाचे सहा झबली-टोपड्यांचे संच, गुलाबी ब्लँकेट, बदामाचे पाकीट, तेलाची बाटली. मंडळातल्या बायकांनीही आणून दिले, फोनवर लीना त्यांना म्हणाली, "जातेय ती. सुटली एकदाची." बॅग इतकी जड झाली की ती राजनला उचलावी लागली. गुरुवारी निघताना अमिरुन्निसाने फ्रिज उघडून दाखवला: दोन दिवसांचे पीठ मळून ठेवले आहे, डाळ निळ्या डब्यात, ज्ञानदासाठी रवा-नारळाच्या वड्या. ज्ञानदाने तिच्या कमरेला मिठी मारली.

"विल यू सेन्ड मी अ फोटो ऑफ द बेबी?"

"काय म्हनते पोर?"

"बाळाचा फोटो पाठवशील का विचारतेय," लीना म्हणाली आणि जिना उतरू लागली.

गाडीत अमिरुन्निसा मागे बसली. शेजारी बॅग मावत नव्हती म्हणून डिकीत होती, पण ब्लँकेट तिने मांडीवर घेतले. हायवेला लागेपर्यंत ती बोलत होती. मुंबईला तल्हा येईल, मग तिथून एसटी, माणगावला बदलायची. मुलगा झाला तर नाव सासरे ठेवतील, मुलगी झाली तर तिला ठेवायला देणार आहेत. मोठ्या रस्त्यावरून गाडी डावीकडे वळली तेव्हा तिचे बोलणे मंदावले. थोड्या वेळाने तिने काचेला कपाळ टेकवले. सहकारी सोसायटीच्या भांडाराची पाटी, त्यासमोरची खुबूस रोट्यांची भट्टी, वर्तुळाकार चौक. दोन वर्षे ती रोज सकाळी त्या भट्टीसमोर रांगेत उभी राहिली होती.

"ताई, ह्यो रिग्गईचा रस्ता."

लीना समोर बघत राहिली.

"ताई."

"अगं, त्यांची एक सही लागते," लीना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड निघाला, हे तिलाच चमत्कारिक वाटले. "सहीशिवाय तुला देशाबाहेर सोडणार नाहीत. आधी तिथे जाऊ, मग..."

"सही घराला जाऊन नाय करीत कोनी." अमिरुन्निसा पुढे सरकली. तिने दोन्ही सीटच्या मधे हात घातला. "साहेब, मना हितंच उतरवा. मी बघीन माझा. झहूरला फोन करीन. तुमचा नाव नाय घेनार मी, अल्लाची कसम, कुनाकडं नाय घेनार."

सिग्नल लाल झाला. राजनने गाडी थांबवली. मागच्या दाराची मूठ खाली-वर झाल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग भराभर. गाडीची सगळी दारे पुढून बंद होत होती. राजनचे बोट बटणापाशी होते. त्याने आरशात पाहिले. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त गुलाबी ब्लँकेट दिसत होते. सिग्नलला सत्तर सेकंद लागतात हे त्याला माहीत होते. तेवढ्यात एक माणूस सहज रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ शकतो.

"राजन," लीना हळू आवाजात म्हणाली, "तिच्याकडे कागद नाहीत. रस्त्यात पोलिसांनी धरलं तर? ते तिच्यासाठी जास्त वाईट."

"हो," राजन म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला.

घराच्या फाटकाशी गुरुप्रसाद उभा होता. त्याने बॅग उतरवून घेतली. अमिरुन्निसा खाली उतरली तेव्हा ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती चालायचे कसे हे आठवत असल्यासारखी उभी होती. दार उघडले आणि आतून मामा बाहेर आली. तिने परचुऱ्यांकडे पाहून मान झुकवली, "शुक्रान" म्हणाली आणि अमिरुन्निसाच्या मांडीवरून आता हातात आलेले ब्लँकेट काढून घेऊन गुरुप्रसादच्या हातात दिले. बॅगेकडे बोट करून अरबीत काही बोलली.

"बॅग आत नको म्हणते," गुरुप्रसाद पुटपुटला. "ढेकूण येतात म्हणते."

"ताई," अमिरुन्निसा म्हणाली. "अदिबाला फोन करा. नायतर ती वाट बघत बसंल."

"करते. लगेच करते. तू काळजी घे हं. मी येईन तुला भेटायला."

दार लागले. बॅग परत डिकीत गेली. परतीच्या वाटेवर राजनने एसी वाढवला आणि लीनाने कमी केला.

घरी आल्यावर लीना फोनपाशी बसली. नंबर कॅलेंडरच्या मागे अमिरुन्निसाच्या अक्षरात लिहिलेला होता. पलीकडे लगेच उचलला गेला.

"हॅलो, अदिबा? मी लीनाताई बोलतेय, कुवेतहून."

"ताई! अस्सलाम आलेकुम! अम्मी निघाली?" आवाज धापा टाकणारा, हसरा होता. "तल्हा कालच गेलाय मुंबईला. विमानतळापाशी त्याचा दोस्त ऱ्हातो, त्याच्याकडं उतरलाय. तो म्हनतो मी रोज जाऊन उभा ऱ्हाईन. ताई, तुमी आमच्यासाठी जे केलंत ना, सख्खं मानूस नाय करीत. डॉक्टर म्हनाली कधी पन होईल आता. इमान कुठला ते तेवढा सांगा."

लीनाच्या समोर भिंतीवर शाल देतानाचा फोटो होता. बाळासाहेबांनी परवाच फ्रेम करून पाठवला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती कॉलिंग कार्डावरचे आकडे वाचत होती, एकेक करून.

"विचारून सांगते," ती म्हणाली. "विचारून लगेच सांगते हं." आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात जाऊन तिने फ्रिज उघडला, पीठ बाहेर काढले. पहिली पोळी लाटेपर्यंत फोन वाजू लागला. राजन हॉलमध्येच होता. फोन सहा वेळा वाजला, बंद झाला, परत वाजू लागला. लीनाने पोळी तव्यावर टाकली. राजन उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मग फोन थांबला आणि ज्ञानदाचा आवाज आला. ती कोणाशी तरी अडखळत, आठवून आठवून मराठीत बोलत होती. थोड्या वेळाने ती स्वयंपाकघराच्या दारात आली. रिसीव्हर तिने छातीशी धरला होता आणि त्याची वायर ताणली गेली होती.

"आई, अदिबा आहे. शी इज आस्किंग, कुठलं फ्लाइट." तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. "आई, मी काय सांगू?"